ग्रिडव्ह्यू फॉर्मच्या आतच बसलाय, तरी म्हणतो "फॉर्म टॅगमध्ये ठेवा"

कोरडाओढा (धागाकर्ता), सोमवार रात्री

मंडळी, दोन दिवस डोकं खाऊन झालं, म्हणून शेवटी धागा काढतोय.

एका पतसंस्थेचं एएसपी डॉट नेट वेब फॉर्म्समधलं (मायक्रोसॉफ्टची वेबपानं बनवायची जुनी चौकट) जुनं सॉफ्टवेअर माझ्या गळ्यात पडलंय. आधीचा माणूस सोडून गेला, मागे कागदाचा एक कपटा नाही. त्यात थकीत कर्जदारांच्या यादीचं एक पान आहे, त्यावर ग्रिडव्ह्यू, म्हणजे यादी तक्त्यात दाखवणारा कंट्रोल (पानावरचा घटक). साहेबांना हीच यादी, "पडद्यावर दिसते तश्शीच", बटण दाबलं की मेलवर हवी. मला वाटलं अर्ध्या तासाचं काम. बटणाच्या क्लिकमध्ये एक स्ट्रिंगरायटर घेतला, त्यावर एचटीएमएलटेक्स्टरायटर बसवला, ग्रिडचं एचटीएमएल त्यात लिहून देणारी रेंडरकंट्रोल मेथड बोलावली. जी स्ट्रिंग येईल ती मेलमध्ये चिकटवायची. तर हा एरर:

"ग्रिडव्ह्यू प्रकारचा कंट्रोल रनॅट-सर्व्हर असलेल्या फॉर्म टॅगच्या आत असायला हवा."

अहो, आतच आहे तो! फॉर्म टॅग मास्टर पेजमध्ये (सगळ्या पानांच्या सामाईक साच्यात) आहे, माझं पान त्याच्या कंटेंटमध्ये. पान उघडलं की यादी नीट दिसते, सॉर्टिंग चालतं, पुढचं-मागचं पान चालतं. मग मेललाच काय धाड भरली?

सातचीगाडी

नेहमीचा पाहुणा आहे हा. 'व्हेरिफायरेंडरिंगइनसर्व्हरफॉर्म' नावाची मेथड (सगळं जोडून एकच शब्द) ओव्हरराइड कर, म्हणजे आपल्या क्लासमध्ये नव्याने लिही, आणि आत काहीही लिहू नको. नुसते महिरपी कंस. विषय संपला.

कोरडाओढा

धन्यवाद गाडीबुवा, पण कंपायलर म्हणतोय ओव्हरराइड करायला अशी मेथडच सापडत नाही.

सातचीगाडी

कुठे लिहिलीस? मास्टरच्या कोडमध्ये असणार. मास्टर पेज हा यूजरकंट्रोलचा पोरगा, त्याच्याकडे ही मेथड कुठून येणार? ती पेज क्लासची आहे. जिथे ग्रिड आहे त्या पानाच्या कोड-बिहाइंडमध्ये (पानामागच्या कोडच्या फाइलमध्ये) टाक.

कोरडाओढा

टाकली. तो एरर गेला, दुसरा आला: "रजिस्टरफॉरइव्हेंटव्हॅलिडेशन फक्त रेंडर चालू असतानाच बोलावता येतं." आगीतून फुफाट्यात.

सातचीगाडी

पानाच्या वरच्या ओळीत, पेज डिरेक्टिव्हमध्ये, एनेबलइव्हेंटव्हॅलिडेशन फॉल्स कर. माझी अशी तीन पानं वर्षानुवर्षं चालू आहेत, कुणाचं काही बिघडलं नाही.

पाटीपेन्सिल

कोरडाओढा, ती शेवटची ओळ टाकायच्या आधी पाच मिनिटं थांब. पतसंस्थेचं काम आहे ना?

पहिला एरर थापाड्या आहे. त्याला तक्रार करायचीये वेळेची, आणि तो बोलतोय जागेबद्दल. दुसरा एरर मात्र खरं तेच सांगतोय. तो नीट वाचलास तर पहिल्याचा अर्थ आपोआप लागतो.

जरा मागून येते. पानावर आपण जो ग्रिडव्ह्यूचा टॅग लिहितो तो ब्राउझरपर्यंत कधीच पोचत नाही. सर्व्हरवर त्या टॅगचा एक ऑब्जेक्ट होतो. लेबल, टेक्स्टबॉक्स, फॉर्म, सगळ्यांचेच होतात, आणि त्यांचं एक झाड उभं राहतं: पान मुळाशी, त्याच्या पोटात मास्टर, त्याच्या पोटात फॉर्म, त्यात तुझा ग्रिड, ग्रिडमध्ये ओळी, ओळीत खाने. मग एकेक टप्पा जातो. इनिट, लोड, मग तुझ्या बटणाचा क्लिक, मग प्रीरेंडर, मग व्ह्यूस्टेट (कंट्रोलांची लक्षात ठेवायची स्थिती) साठवणं, आणि अगदी शेवटी रेंडर, म्हणजे एचटीएमएल लिहिणं. तोपर्यंत एचटीएमएलचं एक अक्षरसुद्धा कुणी लिहिलेलं नसतं.

रेंडरच्या वेळी पान एकच रायटर हातात घेतं आणि झाडातून फिरवतं. फॉर्मची पाळी आली की तो आपला टॅग उघडतो, व्ह्यूस्टेटची वगैरे लपलेली इनपुटं लिहितो, "मी आता लिहितोय" अशी पाटी लावतो आणि पोरांना लिहायला सांगतो. पोरांचं झालं की पाटी काढतो, टॅग बंद करतो. ग्रिडव्ह्यू लिहायला लागण्याआधी पानाला विचारतो, पाटी लागलीये का? लागलेली नसेल तर तो मानतो की आपण फॉर्मबाहेर आहोत, आणि फटकन एरर देतो.

तू रेंडरकंट्रोल बोलावतोस क्लिकमध्ये. त्या वेळी पाटी लागायला अजून दोन टप्पे बाकी असतात. झाडात ग्रिड फॉर्मच्या आत आहे की नाही हे कुणी बघतच नाही, फक्त पाटी बघतात. हा सगळा घोळ एवढाच.

आता हे विचारायचं तरी कशाला? ग्रिडमध्ये बटणं, लिंका, सॉर्टिंगचे मथळे असू शकतात. त्यांच्यावर क्लिक केलं की डूपोस्टबॅक नावाचं जावास्क्रिप्ट फॉर्म सबमिट करतं. फॉर्मच नसेल तर ते बटण मेलेलं. मेलेलं बटण पानावर जाऊन गिऱ्हाईक गोंधळण्यापेक्षा प्रोग्रामरला ओरडलेलं बरं, असा फ्रेमवर्कचा विचार. लेबल किंवा रिपीटर हा प्रश्न विचारतच नाहीत, म्हणून ते क्लिकमध्ये निमूट रेंडर होतात.

इव्हेंट व्हॅलिडेशन तर त्याहून महत्त्वाचं. रेंडर होताना कंट्रोल पानाकडे नोंद करतात की माझ्याकडून अमुक-अमुक मूल्यंच परत येतील. ती नोंद एका लपलेल्या इनपुटात जाते आणि पोस्टबॅकला, म्हणजे फॉर्म सर्व्हरकडे परत आला की, ताळा होतो. ड्रॉपडाउनमध्ये तू तीनच शाखा दिल्यास आणि कुणी ब्राउझरची टूल्स उघडून चौथीचा नंबर धाडला, तर तो इथे अडतो. फॉल्स केलंस की अख्ख्या पानाचा हा ताळा गेला, आणि तोसुद्धा एका मेलच्या बटणासाठी.

सातचीगाडी

पाटीतै, समजावलंत छानच, पण थोडं घाबरवताय. शाखेचा हक्क आहे की नाही हे कोडमध्ये तपासायलाच हवं, फ्रेमवर्कच्या ताळ्यावर भिस्त ठेवून झोपणाऱ्याची चूक वेगळी. आणि ती रिकामी मेथड मायक्रोसॉफ्टनेच ओव्हरराइड करता येईल अशी ठेवलीये ना?

पाटीपेन्सिल

हक्काची तपासणी कोडमध्ये हवीच, तिथे वादच नाही. रिकाम्या मेथडलाही माझी ना नाही. ग्रिड नुसता वाचायचा असेल, आत बटण-लिंक काही नसेल, तर खुशाल वापरा. माझा आक्षेप दुसऱ्या ओळीला आहे. दुसरा एरर आला याचाच अर्थ ग्रिडमध्ये क्लिक करण्यासारखं काहीतरी आहे, आणि ते मेलमध्ये जाणार आहे. कोरडाओढा, मेल स्वतःला पाठवून बघ आणि सोर्स उघड.

कोरडाओढा

बघितला. हसावं की रडावं.

मथळ्यात "नाव", "खाते क्र." वगैरे सगळ्या लिंका, आणि लिंकेत जावास्क्रिप्ट-डूपोस्टबॅक, पुढे सॉर्ट आणि कॉलमचं नाव. मेलमध्ये त्यावर क्लिक केलं तर काहीच होत नाही. खाली १ २ ३ ४ असे पानांचे आकडे, तेही मेलेले. ओळी फक्त २०! साहेब खूश होऊन म्हणाले असते, एवढेच थकबाकीदार?

म्हणून क्लिकमध्ये अलाउपेजिंग (यादीची पानं पाडणं) फॉल्स केलं, परत डेटाबाइंड केलं, म्हणजे ग्रिडमध्ये यादी पुन्हा भरली. मेल बरोबर गेला, पण आता पडद्यावरच्या ग्रिडमध्येही सगळी यादी एकदम येते. पानांचे आकडे गायब. रिफ्रेश केल्याशिवाय परत येत नाहीत.

आळशी_मुंगी

येणारच की. ग्रिड एकच आहे. मेलसाठी त्याचे कपडे काढलेस, तो तसाच पुढे खऱ्या रेंडरला गेला, वर व्ह्यूस्टेटमध्येही तसाच साठला. ग्रिडची एक्सेल फाइल काढणारे वाचतात कारण ते फाइल लिहून तिथेच रिस्पॉन्स संपवतात, पान पुढे रेंडर होतच नाही.

पाटीपेन्सिल

मुंगी +१. म्हणून म्हणते, पडद्यावरच्या ग्रिडला हातच लावू नकोस. मेलसाठी कोडमध्ये नवा ग्रिडव्ह्यू बनव. न्यू ग्रिडव्ह्यू, डेटासोर्सला तीच यादी, डेटाबाइंड, रेंडरकंट्रोल. तो कुठल्याच पानाला जोडू नकोस. पाटी लागलीये का हे विचारायला पानच नाही, त्यामुळे तो विचारत नाही. दोन्ही एरर मुळातच येणार नाहीत, ओव्हरराइड नको, ताळाही शाबूत. एमव्हीसीमध्ये (एएसपी डॉट नेटच्या दुसऱ्या पद्धतीत) काम करणारी मंडळी एक्सेल काढायला सर्रास हेच करतात, त्यांच्याकडे तर पान नावाची वस्तूच नसते.

कॉलम मात्र हातानं ठरव. ऑटोजनरेटकॉलम्स फॉल्स कर आणि बाउंडफील्ड (डेटातलं एक मूल्य दाखवणारा कॉलम) एकेक जोड, नाहीतर डेटाबेसमधली सगळी पोटातली नावं मेलमध्ये झळकतील.

मजकुरात चिठ्ठी, लोगो, बेरजेची ओळ असं बरंच काही हवं असेल तर वेगळा यूजरकंट्रोल कर. तो लोडकंट्रोलने उचलून एका रिकाम्या पेज ऑब्जेक्टमध्ये टाकायचा आणि सर्व्हर-एक्झिक्यूटला ते पान नि आपला रायटर द्यायचा. ते पान आपलं अख्खं आयुष्य जगतं, इनिटपासून रेंडरपर्यंत, आणि तयार मार्कअप हातात येतं. तुझ्या कामाला एवढ्याची गरज नाही.

खिडकीतली_मैना

वाखुसा (वाचनखूण साठवली). माझंही घोंगडं इथेच भिजत घालते. आमच्याकडे हीच युक्ती एक्सेलसाठी आहे, कंटेंट टाइप एक्सेलचा लावून ग्रिडचं एचटीएमएल ढकलतो. एक्सेल उघडताना कुरकुरतं की फाइलचा प्रकार आणि शेवटचं नाव जुळत नाही. ते एक वेळ चालेल. पण मराठी नावांच्या जागी आफ्रिकन मुखवट्यासारखी चिन्हं येतात, आणि १६ आकडी खाते क्रमांकाचा शेवटचा आकडा शून्य होतो. ग्राहक म्हणतो तुमचा डेटाबेस खराब आहे.

सातचीगाडी

हे माझं क्षेत्र. डेटाबेस ठणठणीत आहे, घाण एक्सेल करतंय.

मराठीचं: तुम्ही यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटांत साठवायची एक पद्धत, म्हणजे एन्कोडिंग) लिहिताय, पण फाइलमध्ये तसं कुठे म्हटलेलंच नाही, म्हणून एक्सेल आपल्या मनानं जुनं एन्कोडिंग धरतं. एचटीएमएल लिहायच्या आधी यूटीएफ-८ चा प्रीअँबल, म्हणजे सुरुवातीचे ते तीन बाइट, बायनरीराइटने लिहा. कंटेंटएन्कोडिंगही यूटीएफ-८. देवनागरी लगेच सुधारते.

आकड्यांचं: एक्सेल आकडा म्हणून १५ अंकच सांभाळतं, सोळाव्याचं शून्य. आणि ००४५ सारखा शाखा क्रमांक ४५ होऊन बसतो. त्या खान्यांना एमएसओ-नंबर-फॉरमॅट ही स्टाइल द्यायची, तिची किंमत उलटी तिरकी रेघ आणि पुढे ॲटचं चिन्ह. मग एक्सेल तो मजकूर समजतं. रोडेटाबाउंडमध्ये (ग्रिडच्या एकेका ओळीत डेटा भरला की येणारा इव्हेंट) त्या सेलच्या ॲट्रिब्यूट्सला जोडून टाका.

आणखी दोन खड्डे, म्हणजे पुढच्या धाग्याचा त्रास वाचेल. एक्सेलचं बटण अपडेटपॅनेलमध्ये (पानाचा फक्त एक तुकडा ताजा करणारा कंट्रोल) असेल तर फाइल येणारच नाही, ब्राउझरमध्ये पार्सर एरर येईल. अपडेटपॅनेलला ठरावीक साच्यातलं उत्तर लागतं, लांबी, प्रकार, आयडी, मजकूर असं उभ्या रेघांनी तोडलेलं. तिथे तुम्ही अख्खी फाइल ओतता. त्या बटणाला पोस्टबॅकट्रिगर लावा, म्हणजे अख्खं पान सबमिट होतं. दुसरं, रिस्पॉन्स-एंड ट्राय-कॅचच्या आत ठेवलंत तर "थ्रेड अबॉर्ट होतोय" म्हणून लॉग भरून जाईल. तो रिस्पॉन्स-एंडचा स्वभावच आहे.

खिडकीतली_मैना

तीन बाइट! त्यापायी मी नावांचं लिप्यंतर करणारं फंक्शन लिहायला घेतलं होतं. अर्धं झालंही होतं. गाडीदादा, चहा तुमचा माझ्याकडे लागू.

नवाकोरा

अजून वेब फॉर्म्स? डॉट नेट कोअरमध्ये (नव्या डॉट नेटमध्ये) तर ते घेतलेलंच नाही. सगळं उचलून रेझरमध्ये लिहा, टॅग तुमच्या हातात राहतो, हे सगळे प्रश्नच मिटतात.

आळशी_मुंगी

नवाकोरा, लिहून द्यायला येताय का? पतसंस्थेचं बजेट कोरडाओढा सांगेल. 😄

पाटीपेन्सिल

नवाकोरा यांचं तांत्रिक म्हणणं खरं आहे, नव्या कामाला कुणी वेब फॉर्म्स घेऊ नये. पण २००२ पासून लिहिलेलं इतकं काही आजही चालू आहे की त्याची दुरुस्ती हाच अनेकांचा पगार आहे, माझाही. आणि टॅग हातात नाही ही तक्रार जुनीच. २०१० साली आलेल्या चौथ्या आवृत्तीत बरंच सुधारलं: क्लायंटआयडीमोड स्टॅटिक केलं की आयडीच्या आधी आपोआप लागणारं 'सीटीएल००' वगैरे जातं. नेम ॲट्रिब्यूट मात्र डॉलरची चिन्हं लावून पूर्वीसारखंच राहतं, कारण पोस्टबॅकला सर्व्हर त्यावरूनच कंट्रोल शोधतो. आयडी सुधारला म्हणून नेमही सुधारला असेल असं धरून जावास्क्रिप्ट लिहू नका.

आळशी_मुंगी

थोडं अवांतर, पण रेंडरचंच आहे. मी स्वतःचा एक छोटा कंट्रोल लिहिलाय, खात्याची स्थिती रंगीत पट्टीत दाखवणारा. वेबकंट्रोलवरून घेतला आणि रेंडर ओव्हरराइड करून हवं ते लिहिलं. दिसतो झकास, पण पानावर त्याला दिलेला सीएसएसक्लास आणि आयडी मार्कअपमध्ये येतच नाहीत.

पाटीपेन्सिल

रेंडर पूर्ण ताब्यात घेतलंस की बाहेरचा टॅग आणि त्याची ॲट्रिब्यूटं लिहिणारं कुणी उरत नाही. वेबकंट्रोलचं रेंडर तीन तुकड्यांत चालतं: बिगिनटॅग, कंटेंट्स, एंडटॅग. तू फक्त रेंडरकंटेंट्स ओव्हरराइड कर. बाहेरचा टॅग मुळात स्पॅन असतो, डिव्ह हवा असेल तर टॅगकी बदल. आणि आत रायटरने टॅग लिहिताना ॲडॲट्रिब्यूट आधी, रेंडरबिगिनटॅग नंतर. उलट केलंस तर एरर येत नाही, ते ॲट्रिब्यूट गुपचूप पुढच्या टॅगला जाऊन चिकटतं. मी एकदा अख्खी दुपार यात घालवलीये.

आळशी_मुंगी

टॅगकी! झालं. स्पॅनच्या आत डिव्ह का दिसतोय याचंही उत्तर मिळालं.

कोरडाओढा

तै, नवा ग्रिड जमला. ओव्हरराइड काढून टाकलं, व्हॅलिडेशन परत चालू, पडद्यावरचा ग्रिड आपल्या जागी. दोन शंका राहिल्या.

एक, पडद्यावर मथळा निळा दिसतो, मेलमध्ये काळा-पांढरा. दोन, ज्यांचा फोन नंबर नाही त्यांच्यापुढे "फोन नाही" असं लाल अक्षरात यायला हवं. रोडेटाबाउंडमध्ये सेलचा टेक्स्ट रिकामा आहे का तपासतोय, कधीच रिकामा सापडत नाही. डीबगरमध्ये बघितलं तर आत ॲम्परसँड-एनबीएसपी-अर्धविराम असं काहीतरी बसलंय.

पाटीपेन्सिल

दुसरं आधी. बाउंडफील्ड रिकाम्या मूल्याच्या जागी ती न तुटणारी मोकळी जागा स्वतः घालतं, जुन्या ब्राउझरांत रिकाम्या खान्याची चौकट दिसत नसे म्हणून. सेलचा मजकूर तपासूच नकोस. ओळीच्या डेटाआयटममधून मूळ मूल्य घे आणि ते नल किंवा रिकामं आहे का बघ. टेम्प्लेटफील्ड (आतली मांडणी आपण ठरवतो तो कॉलम) असतं तर उलट झालं असतं, तिथे सेलचा टेक्स्ट नेहमीच रिकामा, कारण मजकूर आतल्या लेबलमध्ये असतो.

पहिलं: पडद्यावरचा निळा रंग तुझ्या सीएसएस फाइलमधून येतो. मेलबरोबर ती फाइल जात नाही, नुसतं क्लासचं नाव जातं. नव्या ग्रिडच्या हेडरस्टाइलला बॅककलर, फोरकलर थेट दे. ते ओळीतच स्टाइल म्हणून लिहिले जातात आणि मेलमध्ये टिकतात. वेब फॉर्म्सला याच सवयीपायी वर्षानुवर्षं शिव्या बसल्या, मेलच्या बाबतीत मात्र ती उपयोगी पडते. बॉर्डर एक, रूल्स ऑल, कोलॅप्स, हे सगळं ग्रिड न सांगता लिहितोच, तेही मेलमध्ये चालून जातं.

सातचीगाडी

यावरून आठवलं. इंटरनेट एक्सप्लोरर १० आला तेव्हा आमच्या एका गिऱ्हाइकाकडे सगळ्या लिंका एका रात्रीत मेल्या. कोड बदलला नव्हता. फ्रेमवर्ककडे ब्राउझर ओळखायच्या याद्या असतात, त्यात हा १० नंबर बसेना, म्हणून त्याला जावास्क्रिप्ट न येणारा जुनाट ब्राउझर समजून डूपोस्टबॅकचं फंक्शनच लिहिलं जाईना. फ्रेमवर्कचा पॅच टाकल्यावर सुटलं. एकच कंट्रोल, समोरचा ब्राउझर बघून वेगळं मार्कअप लिहितो. तेव्हापासून मी एररपेक्षा आधी पानाचा सोर्स उघडतो.

आणि हो, आज माझ्या तिन्ही पानांतली ती फॉल्सची ओळ काढली. दोन पानं नव्या ग्रिडवर गेली. तिसऱ्यात टेम्प्लेटमध्ये चेकबॉक्स आहेत, ते उद्या.

कोरडाओढा

मेल गेला! डेटाआयटमने फोनचंही जमलं. निळा मथळा, लाल "फोन नाही", सगळ्या ओळी. साहेबांनी मोबाइलवर उघडला, वरून खालपर्यंत बघितला आणि म्हणाले, "रकमा डावीकडे का चिकटवल्यात? उजवीकडे घ्या."

पाटीपेन्सिल

त्या बाउंडफील्डच्या आयटमस्टाइलला हॉरिझॉन्टलअलाइन राइट. खान्यावर अलाइन ॲट्रिब्यूट लिहिलं जाईल, मेलला तेवढं पुरतं.